पूर येण्याआधीचे नियोजन

(कोल्हापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



आषाढ-श्रावणात कृष्णा आणि पंचगंगा दुथडी भरून वाहू लागल्या की नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात एक ठरलेला क्रम सुरू होतो. पाणी घाटाच्या पायऱ्या चढते, मंदिरात शिरते आणि श्रींच्या पादुकांवरून वाहत दक्षिणद्वारातून बाहेर पडते. त्या पाण्यात स्नान करण्यासाठी भाविकांची रीघ लागते. या पर्वणीला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. पाणी आणखी चढू लागले की उत्सवमूर्ती वरच्या श्री नारायणस्वामी मंदिरात नेतात आणि नित्याची पूजाअर्चा तेथे चालू राहते. पूर ओसरला की मूर्ती स्वस्थानी परत येते. मूर्ती केव्हा हलवायची, कोणी हलवायची, कोठे ठेवायची, यासाठी कोणाला आयत्या वेळी बैठक बोलवावी लागत नाही. नदी चढणारच, हे गृहीत धरून त्या क्षेत्राची सारी दिनचर्या पूर्वजांनी बांधून ठेवली आहे.

हवामान बदलावरील आंतरराष्ट्रीय परिषदांत ज्याला आज ‘अनुकूलन’ म्हणतात, ते याहून फारसे वेगळे नाही. निसर्गाची जी आपत्ती टळणार नाही, तिच्याशी जुळवून घेण्याची तयारी ती येण्यापूर्वी करून ठेवणे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. मात्र देवासाठी जे पिढ्यान् पिढ्या ठरलेले आहे, ते त्याच नदीकाठच्या माणसांसाठी आणि गुराढोरांसाठी अद्याप ठरलेले नाही. आजच्या विषयाचा गाभा हाच आहे.

हवामान बदलाच्या चर्चेत दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. एक म्हणजे कोळसा, खनिज तेल इत्यादींच्या ज्वलनातून निघणारे वायू कमी करणे आणि दुसरी म्हणजे जे तापमान वाढलेच आहे, त्याचे परिणाम सोसण्याची व्यवस्था करणे. पहिल्या गोष्टीची मुख्य जबाबदारी कोणाची, याविषयी शंकेला जागा नाही. औद्योगिक क्रांतीपासून ज्या देशांनी दीडशे-दोनशे वर्षे धूर ओकून आपली समृद्धी उभी केली, त्यांची ती जबाबदारी आहे. भारताचे दरडोई उत्सर्जन आजही जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. २०२४ मध्ये बाकू येथील परिषदेत श्रीमंत राष्ट्रांनी २०३५ पर्यंत दरवर्षी ३०० अब्ज डॉलर देण्याचा ठराव घाईघाईने संमत करून घेतला, तेव्हा ही रक्कम तुटपुंजी असल्याचे भारताने भर सभेत ठणकावून सांगितले, ते योग्यच झाले. परंतु दोष वॉशिंग्टनचा आहे म्हणून पंचगंगेचे पाणी शिरोळच्या उंबऱ्याशी थांबत नाही. न्यायाची लढाई परिषदांमध्ये लढावी लागेल. जुळवून घेण्याचे काम मात्र आपापल्या खोऱ्यातच करावे लागेल.

हे काम छोट्या डोंगरी देशांनी कसे हाती घेतले, ते पाहण्यासारखे आहे. हिमालयाच्या कुशीतील भूतान आणि नेपाळ या आपल्या दोन शेजाऱ्यांचा जागतिक तापमानवाढीतील वाटा नगण्य आहे. भूतानने तर देशाच्या ६० टक्के भूमीवर वनाच्छादन कायम राखण्याचे बंधन राज्यघटनेतच घालून घेतले आहे. तरीही हिमनद्या वितळण्याचा पहिला फटका त्यांनाच बसतो. वितळलेल्या हिमाचे पाणी उंच डोंगरात दगडगोट्यांच्या नैसर्गिक बांधामागे साठून सरोवरे तयार होतात आणि तो बांध फुटला की खालची खोरी वाहून जातात. ७ ऑक्टोबर १९९४ रोजी भूतानमधील लुग्ये सरोवर असेच फुटले. पुनाखाच्या ऐतिहासिक किल्ल्यापर्यंत त्याचा लोंढा पोहोचला आणि २१ जणांचा बळी गेला.

त्या घटनेनंतर शेजारच्याच थोर्थोर्मी सरोवराकडे भूतानचे लक्ष गेले. ते फुटले तर हानी याहून मोठी होणार होती. काय केले त्या देशाने? अनेक दिवस डोंगर चढून जावे लागते अशा त्या जागी यंत्रसामग्री नेणे शक्य नव्हते. तेव्हा देशाच्या निरनिराळ्या भागांतून शेकडो माणसे पाठीवर सामान घेऊन वर गेली. गोठवणाऱ्या पाण्यात उभे राहून, पहारी आणि फावड्यांनी दगड काढून त्यांनी सरोवराला वाट करून दिली. वर्षातील मोजके महिनेच तेथे काम करता येते. तरीही २००९ ते २०१२ या काळात पाण्याची पातळी सुमारे ५ मीटरने उतरविण्यात आली. सोबतीला खालच्या खोऱ्यात पूर्वसूचनेचे भोंगे बसविले, गावोगाव सुरक्षित जागा ठरविल्या. भूतानने आपला संपूर्ण राष्ट्रीय अनुकूलन आराखडा २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांना सादर केला. परंतु आराखडा येण्याच्या दहा-अकरा वर्षे आधीच सर्वांत निकडीचे काम उरकलेले होते.

नेपाळची कथा थोडी निराळी आणि म्हणून अधिक बोधप्रद. २००० साली त्या देशाने छो रोल्पा या सरोवराची पातळी ३ मीटरने उतरविली. २०१० मध्ये राष्ट्रीय कृती कार्यक्रम तयार केला. त्याहून महत्त्वाची गोष्ट २०११ मध्ये घडली. गावपातळीवरच्या अनुकूलन योजनांची चौकट नेपाळने आखली आणि हवामानविषयक निधीपैकी किमान ८० टक्के निधी प्रत्यक्ष गावांपर्यंत पोहोचला पाहिजे, असे धोरण घोषित केले. जगातील फार थोड्या देशांनी असे आकडा घालून लिहिले होते. पुढे २०५० पर्यंतचा दीर्घ मुदतीचा आराखडा आला. त्याचा खर्च ४७.४ अब्ज डॉलर असून त्यातील अवघे दीड अब्ज नेपाळ स्वतः उभे करणार आहे. बाकी सारे परक्यांच्या मदतीवर. ज्याच्या हाती पैसा, त्याच्या हाती प्राधान्यक्रम, हे वेगळे सांगायला नको. मधल्या काळात जून २०२१ मध्ये मेलम्चीच्या पुराने काठमांडूला पाणी देणाऱ्या प्रकल्पाचे अतोनात नुकसान केले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये खुद्द राजधानीच पाण्याखाली गेली. उत्तम आराखडा आणि रिकामी तिजोरी यांची गाठ पडली की काय होते, ते या पशुपतिनाथाच्या भूमीकडे पाहून कळते.

आता हे सारे कोल्हापुरात कशासाठी सांगायचे, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. येथे ना हिमनदी, ना हिमसरोवर. परंतु नकाशा समोर ठेवला तर कोल्हापूर जिल्हा हा भूरचनेच्या दृष्टीने एक लहानसा डोंगरी देशच आहे. पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर गगनबावड्याला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या शिरोळला जेमतेम ५०० मिलिमीटर पडतो. म्हणजे शिरोळचा पूर हा शिरोळच्या पावसाचा नसतो. तो गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या डोंगरांत पडलेल्या पावसाचा असतो. आभाळ निरभ्र असताना अंगणात पाणी येते, हा तेथील वृद्धांचा अनुभव आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती या पाच नद्यांची मिळून पंचगंगा होते, प्रयाग चिखलीवरून कोल्हापूरला वळसा घालून ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाच फुगलेली असली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबते.

आणि हा केवळ भूगोल नाही. पाऊणशे वर्षांपूर्वीपर्यंत कोल्हापूर हे खरोखरच एक छोटे डोंगरी राज्य होते, आणि त्या राज्याला नियोजन कशाशी खातात हे माहीत होते. राजर्षी शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले. दोन-तीन वर्षांतच दुष्काळ आणि त्यापाठोपाठ प्लेग आला. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, शेतकऱ्यांना तगाई दिली, दुष्काळी कामे काढली. एवढे तर अनेक राज्यकर्ते करतात. शाहू महाराजांचे वेगळेपण पुढे दिसते. दुष्काळ हटल्यावर ते स्वस्थ बसले नाहीत. १९०२ मध्ये संस्थानाचे पाटबंधाऱ्यांविषयीचे धोरण ठरले, विहिरी-तलावांची पाहणी सुरू झाली आणि १९०७ च्या सुमारास भोगावतीवर फेजिवड्याजवळ धरणाचे काम हाती घेतले गेले. तेच राधानगरी. एका लहान संस्थानाच्या खजिन्याला हे काम झेपणारे नव्हते. मध्येच ते थांबवावे लागले, आणि १९२२ मध्ये महाराज गेले तेव्हा धरण अपुरे होते. ते पूर्ण झाले स्वातंत्र्यानंतर. पण कल्पना कोणाची, जागा कोणी निवडली, पाया कोणी घातला, हे कोल्हापूरकर विसरलेले नाहीत. दाराशी आलेल्या संकटाला तोंड देताना पुढच्या पन्नास वर्षांच्या संकटाचा विचार करणे, याला राज्यकर्त्याची दृष्टी म्हणतात. जागतिक बँकेच्या तज्ज्ञांची वाट न पाहता, स्वतःच्या प्रजेच्या गरजेतून आणि स्वतःच्या तिजोरीतून झालेले हे अनुकूलनाचे नियोजन होते.

याच मातीत जन्मलेला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा हे दुसरे उदाहरण. पावसाळा संपता संपता बरगे घालायचे, पाणी अडवायचे आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी बरगे काढून नदी मोकळी करायची. नदीला वर्षभर बांधून ठेवायचे नाही, हा त्यातील शहाणपणाचा भाग. ही पद्धत पुढे साऱ्या महाराष्ट्राने उचलली.

मग असे असताना अलीकडच्या काळात बिनसले कोठे? १९८९ चा पूर आणि २००५ चा महापूर अनेकांनी पाहिलेला आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून चार लाखांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ जवळपास आठवडाभर बंद राहिला. पेट्रोल मिळेना, दुधाचे संकलन थांबले, आणि पाण्याने वेढलेल्या शहरात पिण्याच्या पाण्याचे टँकर शोधण्याची पाळी आली. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांना बाहेर काढणारी नावच उलटली आणि अनेकांचा, त्यात स्त्रियांचा आणि लेकरांचा, अंत झाला. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ असे त्याचे वर्णन झाले. शंभर वर्षे दोनच वर्षांत संपली! जुलै २०२१ मध्ये कोल्हापुरात पाणी २०१९ पेक्षाही वर चढले.

यामागचे विज्ञान अवघड नाही. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. अरबी समुद्र तापतो आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्रही येतो, विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. म्हणजे वर्षाची बेरीज तीच राहिली तरी चार महिन्यांत सावकाश पडणारा पाऊस चार-सहा दिवसांत ओतला जातो. धरणे, मोऱ्या, पूल, गटारे ही सारी जुन्या पावसाच्या हिशेबाने बांधलेली आहेत. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे पाणी भरले की आपोआप उघडतात. ते थोपवून धरण्याची सोय त्यांत नाही. अशा वेळी धरण आधी किती रिकामे ठेवायचे, हा प्रश्न दुष्काळाची धास्ती असलेल्या प्रदेशात सोपा नसतो. रिकामे ठेवले आणि पुढे पाऊस आलाच नाही, तर उसाचे काय, पिण्याच्या पाण्याचे काय? पाटबंधारे खात्यातील अधिकाऱ्यांची ही कोंडी टीकाकारांनी समजून घेतली पाहिजे.

२०१९ च्या पुरानंतर जलसंपदा विभागाचे निवृत्त प्रधान सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली गेली. २००५ च्या पुरानंतरही त्यांच्याच अध्यक्षतेखाली समिती होती. नव्या समितीचा अहवाल २०२० मध्ये आला. अलमट्टी हे या पुराचे मुख्य कारण नव्हे, असा तिचा निष्कर्ष होता. अतिवृष्टीबरोबरच नदीपात्रातील अडथळे आणि पूरक्षेत्रातील अतिक्रमणे यांवर तिने बोट ठेवले. हा निष्कर्ष येथे अनेकांना रुचलेला नाही, आणि अलमट्टीविषयीची चिंता निराधार आहे असेही नाही. धरणाची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास कृष्णा पाणीवाटप लवादाने २०१० मध्ये अनुमती दिली. कर्नाटकाने तो विषय पुढे रेटला असून महाराष्ट्राने त्याला विरोध केला आहे. तो विरोध तांत्रिक अभ्यासाच्या बळावर चालूच राहिला पाहिजे. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अलमट्टीचा निवाडा दिल्लीत, न्यायालयात आणि लवादापुढे होणार. नदीच्या निळ्या रेषेच्या आत भर टाकून उभ्या राहिलेल्या इमारतींचा निवाडा कोल्हापुरातच व्हायचा आहे. पहिल्याविषयी मोर्चे निघतात. दुसऱ्याविषयी बोलायला कोणी उठत नाही, कारण प्लॉट कोणाचा ना कोणाचा नातलग असतो.

पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल, असा नियम. पाऊसच बदलला असल्याने या रेषाही आता नव्या आकडेवारीवरून पुनःपुन्हा तपासाव्या लागतील. प्रत्यक्षात उलटे होते. रेषा आखली की ती मागे कशी सरकवता येईल, याचेच अर्ज अधिक. महामार्गाच्या भरावाचा प्रश्न याच जातीचा आहे. पूरक्षेत्रात मातीचा उंच भराव घालून रस्ता नेला की तो पुराच्या वेळी धरणासारखा आडवा येतो. शिरोलीजवळ भरावाऐवजी कमानींचा उड्डाणपूल करावा, ही मागणी कोल्हापूरकर वर्षानुवर्षे करीत आले आहेत. रस्ते राष्ट्राच्या प्रगतीला हवेतच, त्याविषयी वाद नाही. पण पाण्याला वाट ठेवून रस्ता बांधण्यात जादा पडणारा खर्च हा खर्च नसून विमा आहे.

कागदावरील नियोजन आपल्याकडे कमी नाही. केंद्राने ३० जून २००८ रोजी आठ अभियानांचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. महाराष्ट्राने दिल्लीच्या ऊर्जा व संसाधन संस्थेकडून राज्याच्या अनुकूलनाचा अभ्यास करवून घेतला. तो अहवाल २०१४ मध्ये पूर्ण झाला आणि २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने राज्याच्या धोरणाला मान्यता दिली. पुढे पर्यावरण खात्याच्या नावाला ‘वातावरणीय बदल’ हे शब्दही जोडले गेले. कृष्णा खोऱ्यातील पूर नियंत्रणासाठी जागतिक बँकेच्या साहाय्याने सुमारे ३,२०० कोटी रुपयांचा कार्यक्रम आखण्यात आला असून पुराचे पाणी दुष्काळी भागाकडे वळविण्याची कल्पना त्यात आहे. कल्पना भव्य आहे आणि माणदेशाच्या डोळ्यांत पाणी आणणारी आहे. मात्र नेपाळने २०११ मध्ये जे लिहिले, निधीचा अमुक इतका हिस्सा गावाच्या हाती, ते यांपैकी कोणत्या कागदावर ठळकपणे आहे? जिल्ह्याचा आपत्ती आराखडा असतो. त्यात नावा किती, भोंगे किती, दूरध्वनी क्रमांक कोणते, हे असते. हे सारे आवश्यकच. पण ते पूर आल्यावर करावयाच्या कामांचे आहे. पूर येण्याआधी गावाची रचना, पिके, गोठे, घरे कशी बदलायची, याला आराखड्यात जागा नाही.

प्रयाग चिखली आणि आंबेवाडी या दोन गावांकडे पाहिले की हा फरक डोळ्यांना दिसतो. संगमाकाठची ही गावे १९८९ च्या पुरानंतर उंचावरील सोनतळी येथे हलवायचे ठरले. भूखंडही दिले गेले. तीस वर्षांनी, २०१९ मध्ये, चिखलीच्या लोकांना घरांच्या छपरांवरून आणि माड्यांवरून जवानांनी नावांत घालून काढले, ते दृश्य साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. जागा असताना लोक गेले का नाहीत? शहरात बसून त्याचे उत्तर ‘लोक अडाणी आहेत’ असे सहज दिले जाते. ते खरे नाही. शेत नदीकाठी, ऊस नदीकाठी, म्हशी घराला लागून. पहाटे चारला उठून धार काढायची आणि दूध संस्थेत घालायचे. सोनतळीच्या भूखंडावर माणसांचे घर बसते, गोठा बसत नाही. वैरण रचायला जागा उरत नाही. वाढलेल्या कुटुंबांच्या वाटण्या झाल्या, भूखंड तेवढाच राहिला. शिवाय जुने घर सोडले की त्याचा मोबदला काय, याविषयी शब्दाला शब्द लागत गेले. पुनर्वसनाचा कागद करणाऱ्यांनी माणसे मोजली, म्हशी मोजल्या नाहीत. ज्या जिल्ह्याचे अर्धे अर्थकारण दुधावर चालते, तेथे ही चूक किरकोळ नव्हे.

२०१९ च्या त्या आठवड्यात समाजाने जे केले, त्याला तोड नव्हती. तालमी आणि तरुण मंडळे रात्रंदिवस पाण्यात होती. मठ-मंदिरांनी, मंगल कार्यालयांनी दारे उघडली. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या जनकल्याण समितीचे स्वयंसेवक गाळाने भरलेली घरे उपसण्यापासून औषधे पोहोचविण्यापर्यंत सर्वत्र होते. राज्याच्या कानाकोपऱ्यांतून धान्याचे आणि वैरणीचे ट्रक आले. हा समाज संकटात एकमेकांचा हात सोडत नाही, हे पुन्हा सिद्ध झाले. परंतु २०२१ मध्ये तीच माणसे, तेच ट्रक, तोच गाळ. सेवेची ही शक्ती दर दोन वर्षांनी चिखल उपसण्यात खर्ची पडावी काय? फेब्रुवारी २०२३ मध्ये कणेरीच्या सिद्धगिरी मठावर पंचमहाभूत लोकोत्सवाला लक्षावधी लोक आले. पाणी, भूमी, वायू यांविषयी आपल्या परंपरेत असलेल्या श्रद्धेला जागविण्याचे ते काम मोलाचे होते. तीच श्रद्धा पूररेषेतल्या प्लॉटच्या व्यवहारापाशी का थबकते, हेही त्याच व्यासपीठांवरून विचारले गेले पाहिजे.

आणखी एक गोष्ट डोंगराची. खालच्या पुराचा बंदोबस्त वर होतो. राधानगरी-दाजीपूरचे अरण्य २०१२ पासून जागतिक वारसा स्थळांत आहे. पश्चिम घाटासाठी डॉ. माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. तो कठोर वाटला म्हणून डॉ. कस्तुरीरंगन समिती नेमली. २०१४ पासून संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदे निघत राहिले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा, म्हणजे वायनाडला डोंगर कोसळून शेकडो माणसे गाडली गेल्याच्या दुसऱ्या दिवशीचा. त्यापूर्वी २०१४ मध्ये माळीण, २०२१ मध्ये तळिये आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडी ही आपलीच गावे गेली होती. डोंगरावरील शेतकऱ्याला अधिसूचनेची भीती वाटते, तीही समजण्याजोगी आहे. त्याला विश्वासात न घेता पुण्या-मुंबईत बसून रेषा आखल्या की असेच होते. खाणीवाल्याची भीती आणि नाचणी पिकविणाऱ्याची भीती मात्र एकाच तागडीत तोलू नये.

तेव्हा मागणी करायची ती नव्या आयोगाची नव्हे. करवीर, हातकणंगले, शिरोळ आणि वरचे गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळा या तालुक्यांनी एका खोऱ्याचा म्हणून एकच आराखडा करावा आणि त्याचा निम्मा भाग ग्रामसभांनी लिहावा. २०२१ मध्ये अनेक गावांतील कुटुंबे जनावरांसह आधीच हलली होती. ती कोणत्या पातळीला निघाली, कोणाकडे उतरली, जनावरे कोठे बांधली, ही माहिती आज केवळ लोकांच्या स्मरणात आहे. ती गावाच्या दप्तरात उतरली पाहिजे. नदीला लागून असलेल्या रानात पुरात आठ-दहा दिवस बुडालेला ऊस कुजतो, तरी पुढच्या वर्षी पुन्हा ऊसच लागतो. तेथे दुसरे काय टिकेल, हे सांगण्याची जबाबदारी कारखान्यांनी आणि कृषी खात्याने घ्यावी. बरगे कोणत्या तारखेला निघाले, हे दरवर्षी गावाच्या फलकावर लागावे. आणि ३,२०० कोटींतून पहिली रक्कम सोनतळीसारख्या जागांवर पडावी. चिखलीच्या शेतकऱ्याला कायमचे वर ये म्हणताना तीन म्हशींचा गोठा, वैरणीची गंजी, पहाटे येणारी दूध संस्थेची गाडी आणि नदीकाठच्या रानापर्यंत जाणारा बारमाही रस्ता, या चार गोष्टी आधी कागदावर याव्यात. बोगदे आणि कालव्यांच्या खर्चापुढे त्यांची रक्कम अगदी थोडी भरेल.